न सांगितलेला पत्ता

सॉफ्टवेअरमध्ये न तपासता केलेल्या एका बदलामुळे आमच्या ऑफिसात मोठा गोंधळ झाला. त्या बदलाला परवानगी माझीच होती. साहेबांना मात्र अहवालात माझ्या हाताखालच्या नव्या इंजिनिअरचं नाव हवं होतं. "त्याचं नाव लिहा, विषय संपला. नाहीतर तुमच्या पासचं काही खरं नाही," हे त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. टॅम्पिनीसचा फ्लॅट, मुलीची शाळा, आमचं सिंगापूरमधलं सगळं त्या पासवर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या कामाच्या परवान्यावर, उभं होतं. शनिवारी मी देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. 'लिही' अशी निघाली. हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

रविवारी सकाळी ईस्ट कोस्टला समुद्रकिनारी एकटाच फिरायला गेलो. बाकावर एक वृद्ध डच बाई बसल्या होत्या, मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांना वाकवत नव्हतं, म्हणून बुटाची नाडी बांधून द्याल का, असं त्यांनी विचारलं. बांधता बांधता मांडीवरची फुलं दिसली. कुणासाठी, म्हणून मी सहज विचारलं.

"एका मुलीसाठी. आज तिचा स्मृतिदिन."

दुसऱ्या महायुद्धात, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, ती मुलगी वीस वर्षांची होती. जर्मनांपासून लपलेल्या माणसांना सायकलवरून रेशनकार्डं पोचवायची. गळा बेसूर, तरी सतत गुणगुणायची. एक दिवस पकडली गेली. एक पत्ता सांग आणि घरी जा, असं तिला म्हणाले. तिने सांगितला नाही. तिला गोळी घातली.

"तिने देवाचा धावा केला असेल ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"रोज करायची. देवाने तिला घरी आणलं नाही." त्यांनी मांडीवरची फुलं सारखी केली. "तो पत्ता आमचा होता. मी चार वर्षांची होते."

मी तिथेच त्यांच्या पायांशी बसून रडलो. स्वतःची भीती देवाच्या गळ्यात घालून मी तिला भक्ती म्हणत होतो, हे तेव्हा कळलं. जे करायचं ते आपण करावं आणि पुढचं त्याच्यावर सोडावं, एवढंच शरण जाणं असावं. त्या बाईंना माझ्या वाटेत कुणी बसवलं, याचा मी शोध घेत नाही. रोज हात तेवढे जोडतो.

सोमवारी अहवालात माझं नाव लिहिलं. पास गेला. बायको दोन दिवस चिडून होती, तिसऱ्या दिवशी तिने आम्हा तिघांच्या बॅगा भरायला काढल्या.

परवा तो इंजिनिअर बायको आणि तान्ह्या बाळासह निरोप घ्यायला आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. "सर, असं अचानक का जाताय?" त्याने विचारलं.

"देवाची इच्छा," मी म्हणालो. त्या शब्दांच्या आड मी पहिल्यांदाच लपलो नव्हतो.