अकोल्याचं टायर

दर्यापूर तालुक्यात सायकलच्या टायरमधलं सगळ्यात जास्त कोणाला कळत असेल, तर ते मला, असं १९६१ साली माझं प्रामाणिक मत होतं. हे मत दुसऱ्या कोणाचं नव्हतं. सायकल घेऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि त्यातले पहिले दोन महिने मी तिच्यावर कमी आणि तिच्याखाली जास्त होतो.

मी, देवराव, प्राथमिक शाळेत मास्तर. शाळा शेजारच्या गावी, दर्यापूरच्या वाटेवर. आमच्या घरात तोवर चाक असलेली वस्तू आली नव्हती. माझी माय भागीरथा सायकलला गाडी म्हणायची. मी शाळेतून आलो की ती आधी पदरानं गाडी पुसायची आणि मग मला पाणी द्यायची. हा क्रम मी कधी मनाला लावून घेतला नाही.

वाट म्हणजे काळ्या मातीची गाडवाट. पावसाळ्यात बैलगाड्यांनी चिखलात पाडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर वाळून विटेसारख्या कडक होत, आणि वर बाभळीचे काटे. सायकलबरोबर आलेली टायरं एका हंगामात फाटली. दर्यापुरात खुशालरावांचं सायकलचं दुकान होतं. फाटलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा बसवायचा, त्याला ते गेटर म्हणत. असे पाच गेटर बसवून झाल्यावर ते म्हणाले, "मास्तर, आता नवे घ्या. रुंद घ्या, नरम घ्या अन् हवा बेताची ठेवा. गाडीबी सुखानं जाते अन् मानूसबी."

मी मॅट्रिक झालेला माणूस. चौथीत शाळा सोडलेल्या खुशालरावांचं ऐकलं असतं, तर माझ्या शिक्षणाचा उपयोग काय? मी तडक अकोल्याला गेलो आणि सायकलरिक्षाला लावतात तसली जाडजूड टायरं घेऊन आलो. सिद्धांत सोपा होता. जे टायर तीन माणसं वाहतं, त्याला एक मास्तर काय जड? शिवाय हवा दगडासारखी भरायची, म्हणजे काट्याची आत शिरायची हिंमत होणार नाही. ती रिमवर चढवताना खुशालराव घामाघूम झाले. "हे टायर तुमच्यापेक्षा जास्त जगन," एवढंच ते म्हणाले. मी ती स्तुती समजलो.

टायर खरंच टिकलं. मीच टिकेनासा झालो. सायकलची घंटी हात न लावता वाजायची, आणि शाळेत पोचल्यावर पहिला तासभर फळ्यावरची माझी अक्षरं मलाच वाचता येत नसत. पण हे बाहेर कोणाला सांगतो कोण? संध्याकाळी ओसरीवर बसून मी येणाऱ्याजाणाऱ्याला टायरची निगा समजावून सांगायचो. टायर जपून वापरावं, डबल सीट घेऊ नये, दोघांचं वजन पडलं की ते चौपट झिजतं. चौपट हा आकडा माझा स्वतःचा होता, कुठल्या पुस्तकात तो सापडणार नाही. माय आत भाकरी थापत असायची.

त्या साली कापूस वेचणीच्या दिवसांत मायचा उजवा गुडघा सुजला. दर्यापूरच्या डॉक्टरांनी दर शनिवारी एक, अशी आठ इंजेक्शनं सांगितली आणि बजावलं, "तोवर चालायचं नाही. चालत राहिलात तर गुडघा आखडेल, मग जन्मात मांडी घालता येणार नाही." मी छाती काढून सांगितलं, "माझ्याकडे सायकल आहे."

पहिल्या शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी तिला मागे बसवलं. गाव सुटून चाकोऱ्या लागल्या तशी ती म्हणाली, "थांब, उतरू दे मले."

"काहून?"

"गचके बसते, बावा."

ती उतरली आणि चालू लागली. चांगली वाट आली की बसायची, खराब आली की उतरायची. तीन कोसांत चांगली वाट कोसभरसुद्धा नव्हती. "डॉक्टरनं काय सांगतलं तुले?" म्हटलं तर, "एवढंसंच त हाये," म्हणायची. मी पुढे जाऊन निंबाखाली फुगून बसायचो. सुजलेला गुडघा तिचा, आणि अपमान झाला होता माझ्या टायरचा!

चार शनिवार झाले, सूज उतरेना. शेवटी गर्व गिळला आणि खुशालरावांकडे गेलो. ते एक शब्द वावगा बोलले नाहीत, हे फारच झोंबलं. त्यांनी रुंद, नरम टायरं चढवली आणि अंगठ्यानं दाबून बेताची हवा भरली. त्या दिवशी मी प्रथमच वाटेवरच्या गप्पा ऐकू येतील इतक्या शांतपणे घरी आलो. ओसरीवर मात्र तोंड लपवायला जागा हवी होती. म्हणून मी सांगत सुटलो, "हे सुखाचं टायर आहे, पण भारी नाजूक. वर्ष काढलं तरी पुष्कळ." लोकांना ते पटलं.

आता माय कुठेच उतरणार नाही, याची मला खात्री होती. ती पहिल्यापेक्षा आधी उतरली. चांगल्या वाटेवरसुद्धा उतरली. विचारलं तर म्हणाली, "लाज वाटते. लोक पायते." मी मास्तर असूनही तेवढ्यावर विश्वास ठेवला.

आठव्या शनिवारी डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. "बाई, तुम्ही चालत होतात काय?" तिच्याआधी मीच बोललो, "छे, सायकलवर आणतो." डॉक्टरांनी तिच्या पायांकडे बोट केलं. घोट्यापर्यंत धूळ होती आणि लुगड्याच्या काठाला कुसळं भरली होती. मला कुठे पाहावं ते कळेना.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडलो. "नरम टायर घेतलं तुह्यासाठी. आता कायचे गचके?"

"गचक्याचं काही नाई," ती म्हणाली. "तूच त म्हनत होता ना, दोघाच्या वजनानं चौपट झिजते. अन् हे नवं त नाजूक हाये म्हने."

"माय, टायर दुकानात भेटते."

"भेटते, पन इकत घ्या लागते. गुडघा त घरचाच हाये."

मी तिला सांगितलं की चौपट वगैरे काही नसतं, ते मी मनानं ठोकून दिलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कीव आल्यासारखी हसली. तिला बसवण्यासाठी मी आता खोटं बोलतो आहे, असं तिला वाटलं. तिचा मास्तर लेक लोकांसमोर बोलला होता ते खोटं असेल, हे तिच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं.

मग मी तिला मागे बसवलं आणि स्वतः खाली राहून सायकल ढकलत निघालो. याला तिची हरकत नव्हती. एकाचं वजन टायरला चालतं, असा तिनं हिशोब केला. तीन कोस ती एकदाही उतरली नाही. त्यानंतर कुठेही न्यायचं असलं की मी तसंच नेलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता सात वर्षं झाली. गुडघा अर्धाच वाकतो. विहारात वंदनेला बाकीच्या बाया मांडी घालून बसतात. माय मागे दाराशी बसते, आणि पाय मूर्तीकडे होऊ नये म्हणून अंग चोरून आडवी वळते. नवी कोणी आली की विचारते, आणि माय सांगते, "वेचनीत गेला वं गुडघा." मी पुरुषांच्या रांगेत बसलेला असतो, मला ते ऐकू येतं. वळून खरं काय ते त्या बाईला सांगावं, असं दर वेळी मनात येतं. अजून सांगितलेलं नाही.