कबरीच्या बदल्यात

माझ्या विश्वासाची खरी परीक्षा एका शेळीने घेतली, हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. इतरांच्या साक्षी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. कुणाला प्रभूने प्लेगातून वाचवले, कुणाला पुरातून काढले. माझ्या वाट्याला शेळी आली. पण त्या रविवारी दुपारी मी जेवले नाही. देण्याविषयी, समर्पणाविषयी मी आजवर जे जे लिहिले ते सगळे तोंडदेखले होते की काय, ही शंका मला प्रथमच आली आणि ती काही केल्या जाईना.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नगरमध्ये ख्रिस्ती वस्तीच्या एका गल्लीत दोन खोल्यांच्या घरात मी राहत होते. यजमान प्रभूमध्ये निजल्याला सहा वर्षे झाली होती, शाळेतली नोकरी संपली होती आणि मूलबाळ नव्हते. आमच्या ख्रिस्ती मासिकात मी दर महिन्याला एक मनन लिहीत असे. सोबतीला तीन जीव होते. हवालदार नावाचा कुत्रा भिंगारच्या छावणीतून आला होता. त्याची पलटण परदेशी गेली आणि हा माझ्या ओट्यावर येऊन बसला, तो कायमचा. एक मांजर होती, जी माझ्या लिहिण्याच्या कागदांवर निजणे हा आपला हक्क समजत असे. आणि एक शेळी. माझ्या मैत्रीण राहेलबाई पाथर्डीकडच्या खेड्यांत वचन सांगायला गेल्या होत्या, तिथे एक शेळी करडाला जन्म देऊन मेली. ते करडू त्यांनी पदरात गुंडाळून आणले आणि माझ्यापुढे ठेवले. मी फडक्याच्या बोळ्याने दूध पाजून ते जगवले. नाव मोठ्या हौसेने करुणा ठेवले. राहेलबाईंनी तिच्या अंगावरचे ठिपके पाहिले आणि तिला कबरी म्हटले. शेळीने ओ दिली ती कबरीलाच.

राहेलबाई म्हणजे आमच्या चर्चच्या बायबलबाई, खेडोपाडी फिरून बायबल सांगणाऱ्या. माझी त्यांची मैत्री पंचवीस वर्षांची. मी पुस्तकी, त्या रोखठोक. माझे प्रत्येक मनन छापून आले की त्या ते बोट ठेवून वाचत, मग दारात येऊन म्हणत, "बाई, लई बरं लिवलं." एवढी एकच टीका माझ्या साऱ्या लेखनावर मला मिळत असे आणि ती मला पुरत असे.

त्या वर्षी माझे मननांचे छोटे पुस्तक एकदाचे निघाले. कागदाची टंचाई इतकी होती की छापखान्याने तीन वर्षे झुलवले. अखेर पिवळट, खरबरीत कागदावर ते छापून आले, तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले. पहिली प्रत मी स्वच्छ रुमालात बांधून टेबलावर ठेवली. ती सुगीच्या सणाला प्रभूच्या वेदीपुढे वाहायची, असे मी ठरवले होते.

सुगीचा सण आमच्याकडे बाजरी घरात आली की होतो. प्रत्येक घराने आपले प्रथमफळ चर्चमध्ये आणायचे: कुणी धान्य, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. उपासना झाली की अंगणात कडुनिंबाखाली सगळ्याचा लिलाव होतो. म्हाताऱ्या आणि कामात अडकलेल्या माणसांकडचे दान सकाळी राहेलबाई बैलगाडी घेऊन गोळा करत. दारात एक चिठ्ठी ठेवायची, काय न्यायचे ते तीत लिहायचे. मला मुलांना शिकवायला रविवारच्या शब्बाथशाळेत लवकर जायचे असे, म्हणून मीही चिठ्ठी ठेवली. 'माझ्या पुस्तकाची प्रत न्यावी' असे चार शब्द लिहिले असते तर ही गोष्टच घडली नसती. पण मी पडले लेखिका. मी लिहिले, 'या घरात मला जे सर्वांत प्रिय आहे, ते आज प्रभूचे आहे. राहेलबाईंनी ते निःशंक मनाने न्यावे.' लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचले आणि मला ते आवडले.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेशाऐवजी माझेच 'दान' नावाचे मनन वाचून दाखवले. देताना हात आखडू नये, दिल्यावर मागे वळून पाहू नये, असे बरेच काही त्यात होते. बायका माझ्याकडे वळून पाहत होत्या. मी मान खाली घालून बसले होते; लोक त्याला नम्रता समजले असतील. मग दाने पुढे येऊ लागली. पायल्या आल्या, सुपे आली, एक मोठा कोंबडा आला. आणि त्याच्या मागून राहेलबाई आल्या, हातात दोर, दोराला कबरी. तिच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि ती माळेतली फुले खात होती.

मला वाटले, आता उठावे आणि सांगावे, अहो, घोटाळा झाला, माझे दान टेबलावर रुमालात बांधलेले आहे. सगळे हसले असते, पाळकसाहेबही हसले असते, आणि कबरी माझ्याबरोबर घरी आली असती. पण माझेच शब्द अजून चर्चच्या छताखाली घुमत होते. मी उठले नाही. अंगणात लिलाव झाला तेव्हाही मी मागे उभी राहून गप्प होते. छावणीला मांस पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस आला होता. त्या दिवसांत फौजेला जनावरे कमी पडत, त्यामुळे त्याच्यापुढे कुणाचा टिकाव लागेना. कबरी त्याच्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी उजाडता तिचे काय होणार, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते.

माझा सगळा राग राहेलबाईंवर निघाला.

"राहेलबाई, हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

"तुमी चिठीत लिवलं तेच केलं की, बाई."

"मी पुस्तकाबद्दल लिहिलं होतं!"

"पुस्तक? ते टेबलावर हुतं. मला वाटलं, ते कुनाला तरी द्यायला बांधलंय."

"पंचवीस वर्षं लोकांना शास्त्र समजावून सांगता, आणि साधी चिठ्ठी समजत नाही तुम्हाला?"

हे मी चारचौघांत म्हणाले. गाडीत रिकामी पोती उरली होती, ती राहेलबाईंनी नीट घडी करून ठेवली आणि त्या निघून गेल्या.

घरी आले तर खुंटा मोकळा. हवालदार तिथे हुंगत फिरत होता आणि माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी दार लावून गुडघे टेकले. माझी ती प्रार्थना आठवली की मला अजून ओशाळे वाटते. मी एखाद्या वकिलासारखी बाजू मांडत होते: प्रभू, हे दान मी दिलेच नाही, ही दुसऱ्याची चूक आहे, तू न्यायी आहेस. बराच वेळ असे बोलून झाल्यावर माझेच मला ऐकू आले. भिंगार काही लांब नव्हते. अजून जाऊन त्या माणसाच्या हातापाया पडता आले असते. मग मी जात का नव्हते? कारण दिलेले दान लेखिकाबाई परत मागायला गेल्या, असे लोक म्हणतील. कबरीसाठी माझा जीव तुटत होता, यात खोटे काहीच नव्हते. पण माझे हसे होऊ नये म्हणून मीच तिला मरणाच्या दारात जाऊ दिले होते, हेही तितकेच खरे होते. आणि त्याचे खापर मी एका साध्या बाईच्या डोक्यावर फोडून आले होते. मी वकिली थांबवली, चपला घातल्या आणि राहेलबाईंकडे गेले.

त्या उंबऱ्यावर बाजरी निवडत बसल्या होत्या. मी समोर जमिनीवरच बसले आणि म्हणाले, "चूक माझी होती. मला क्षमा करा."

त्यांनी सूप बाजूला ठेवले. "बाई, मला खरंच कळलं न्हाई. पुस्तकं तुमी चार जनांना वाटताच की. मागं तापात पडला हुता, तवा तुमी रात्रंदिस कुनाला हाका मारीत हुता? कबरीला. म्हनून चिठी वाचली तवा मला कबरीच वाटली. दोन डाव गाडीपातुर नेऊन माघारी आनली तिला. मग म्हनलं, न्हाई, बाईंचा इस्वास मोठा हाय. आपन मधी पडू नये."

माझा प्रत्येक शब्द अक्षरशः खरा मानणारी वाचक मला एकच मिळाली होती आणि तिचाच मी अपमान केला होता. मला सर्वांत प्रिय काय, हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक होते. मी तिथेच पदरात तोंड घालून रडले. राहेलबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांच्या पद्धतीने, डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना केली, "देवबापा, कबरी तुजी हाय. तिला लई दुखू दिऊ नगं. आन् आमच्या बाईंना सांभाळ."

मी आमेन म्हटले. आयुष्यात हजारो वेळा म्हटला असेल हा शब्द, पण त्या दिवशी तो म्हणताना माझ्या हातून काहीतरी खरोखर सुटले. कबरी परत मिळावी, हे मागणेही सुटले. मन दुखत होते, तरी शांत होते.

मी सकाळपासून उपाशी आहे हे कळल्यावर राहेलबाई भाकरी फडक्यात बांधून माझ्याबरोबर निघाल्या. सूर्य कलला होता. गल्लीच्या तोंडाशीच हवालदाराचे भुंकणे ऐकू आले. ओट्याच्या पायरीवर एक उंच, पांढऱ्या दाढीचा अनोळखी गृहस्थ बसला होता आणि त्याच्या शेजारी कबरी उभी राहून माझ्या तुळशीचे उरलेसुरले शेंडे खात होती.

"लिवनाऱ्या बाई तुमीच का?" तो उठून म्हणाला. "चर्चात इचारलं, त्यांनी घर दावलं. मी रहमान, भिंगारचा. कंत्राटदाराकडं जनावरं कापायचं काम माज्याकडं हाय. ही तुमची शेळी गाभन हाय, बाई."

मला पत्ताच नव्हता. मला शेळीविषयी सुंदर लिहिता येत होते, तिच्या पोटावर हात ठेवून काही कळत नव्हते.

"आमच्या घरात गाभन जनावरावर सुरी चालत न्हाई. माज्या बापानं चालिवली न्हाई, मी बी न्हाई. कंत्राटदार म्हनला, जनावर कमी पडता कामा नये. तवा बदल्यात घरचा बोकड दिला."

"घरचा म्हणजे?" मी विचारले.

"ईदसाठी पाळला हुता. पोरी त्याला हातानं चारायच्या. रडल्या थोड्या." त्याने नजर कबरीकडे वळवली. "अल्लाचाच हुता. दोन-तीन हप्ते आधी गेला, एवढंच."

मी त्याला बसायला सांगितले, पाणी दिले. मग राहेलबाई पुढे झाल्या. "दादा, हिला पैला बोकड झाला की तो तुमचा," त्यांनी माझ्याकडे न पाहताच सांगून टाकले. सकाळी माझी एक शेळी देऊन झाली होती, आता न जन्मलेले करडूही त्यांनी देऊन टाकले. रहमानभाई म्हणाले, "राहू द्या." आणि मी म्हणाले, "नाही, तो तुमचाच."

देवाने सांगितले म्हणून डोंगरावर आपल्या मुलाचे अर्पण करायला निघालेल्या त्या बापाची गोष्ट रहमानभाईंच्या घरीही सांगतात आणि आमच्याही. मी तिच्यावर तीन मनने लिहिली आहेत. ऐन वेळी झुडपात अडकलेला एडका, म्हणजे मेंढा, दिसला, मूल वाचले, देवाची स्तुती असो, असे लिहून मी दर वेळी लेखणी खाली ठेवली. मुलाच्या जागी तो एडका मेला, हे एकदाही माझ्या मनात आले नाही. माझ्यावर कृपा झाली तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणातला खुंटा मोकळा झाला, दुसऱ्या कुणाच्या तरी मुली रडल्या. हा चमत्कार होता की योगायोग, याचा वाद मी घालत नाही. प्रभूने माझी शेळी मला एका कसायाच्या हातून परत दिली, एवढे मला पुरेसे आहे.

नाताळाच्या आठवड्यात कबरी व्याली. दोन करडे झाली, एक पाठ, म्हणजे मादी करडू, आणि एक बोकड. बोकड आईसारखाच ठिपक्यांचा आणि भारी खोडकर. माझ्या टेबलावर चढून त्याने एका मननाची दोन पाने खाल्ली, आणि खरे सांगते, ते मनन त्यामुळे सुधारले. त्याला जीव लावायचा नाही असे मी रोज ठरवत होते आणि रोज लावत होते.

उन्हे तापू लागली, बोकड दूध सोडून पाल्यावर राहू लागला, तेव्हा मी आणि राहेलबाई त्याला घेऊन भिंगारला चालत गेलो. या वेळी चिठ्ठी लिहिली नाही, कुणाला निरोप पाठवला नाही. रहमानभाईंच्या मुली दारातच धावत आल्या आणि त्याच्या गळ्यात पडल्या. मी त्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि दोर त्यांच्या हाती दिला. पुढची ईद केव्हा आहे, हे मी विचारले नाही. आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती गेली की तिचे काय होईल ते विचारण्याचा हक्कही त्याच दोराबरोबर द्यायचा असतो, हे मला माझ्या पुस्तकाने शिकवले नव्हते.

छावणीचा रस्ता ओलांडल्यावर राहेलबाई म्हणाल्या, "रडू येत आसंल तर रडा, बाई. कोन बी बघत न्हाई."

मी रडले. आणि रडता रडताच, सावकाश चालत, मी प्रभूचे उपकार मानले.