माझ्यासाठी उठून बसणं

निजामाचं राज्य गेलं आणि आमच्या बेंबळीत मुलींसाठी मराठी शाळा सुरू झाली. तिथं शिकवायला बाई आल्या. लिंगायतांच्या, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, नवरा तरुणपणीच वारलेला. वर्गात फिरताना कुणी वाकून बसलेली दिसली की तिच्या पाठीवर त्या नुसता तळवा ठेवायच्या. रागवायच्या नाहीत. पाठ आपोआप सरळ व्हायची. माझ्या पाठीवर तो तळवा फार वेळा आला, कारण मी लहानपणापासून अंग चोरून बसणारी.

चौथी झाली, पुढं मला गावातल्या गावातच दिलं. संसारात पडले तरी दुपारी जरा उसंत मिळाली की मी बाईंकडं जायचे. त्यांच्यासमोर बसलं की मनातली भीती कुठं जायची कोण जाणे. घरी चार माणसांत तोंड न उघडणारी मी तिथं हसायचे, बोलायचे. येतानाही गल्लीतून मान वर करून चालायचे. सासूबाईंच्या नजरेतून ते सुटायचं नाही.

"बाईकडून आली की पाटलीण होऊन येती बघा! आन् आमच्या म्होरं मुंडी खाली."

उंबरा ओलांडला की मान खरंच खाली जायची.

पुढं काही वर्षांनी बाई अंथरुणाला खिळल्या. पाठीच्या कण्याचं दुखणं होतं. मी रोज जायला लागले. पाहावं तर भिंतीला टेकून बसलेल्या, धुतलेलं पांढरं लुगडं, केस विंचरलेले, विभूती ताजी. मला वाटायचं, दुखण्याचं काही चालत नाही यांच्यापुढं. घरी येऊन कौतुकानं सांगायचे.

एके दिवशी त्यांची सून माझ्या मागोमाग दारापर्यंत आली.

"वैनी, राग धरू नका. तुमची येळ झाली की त्या म्हनत्यात, मला उठवून बसव, लुगडं बदल, ती यील आता. कन्हत कन्हत बसत्यात. तुमी गेलात की पार गळून जात्यात. सांजच्यापतुर डोळा उघडत न्हाईत."

"मला कधी बोलल्या न्हाईत."

"तुमाला कशा बोलतील? साऱ्या गावाम्होरं निजतील त्या, तुमच्याम्होरं न्हाई."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. मला त्यांच्याकडून बळ मिळत होतं, आणि ते त्यांच्या कण्यातून निघत होतं.

मी जाणं बंद केलं. पण दुपार झाली की घरात जीव रमेना. मग मागच्या दारानं त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागले. सुनेची ज्वारी पाखडून द्यायची, एवढंच काम. भिंतीपलीकडून बाईंचं कण्हणं ऐकू यायचं. कुणाही म्हातारीसारखं. मधूनच त्या विचारायच्या,

"आज आली नाही का ती?"

"न्हाई."

"बरं."

त्या 'बरं'मध्ये सुटका होती की दुःख, ते मला आजपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायच्या.

एकदा म्हणाल्या, "आत कोण पाखडतंय गं?"

"शेजारची हाय."

पलीकडचं कण्हणं थांबलं. मग म्हणाल्या, "तिला म्हणावं, वाकून बसू नको. पुढं पाठ धरते."

सूप मांडीवर ठेवून मी सरळ बसले. ज्वारी दिसेना. उठून आत जावं असं फार वाटलं. पण मी गेले असते तर त्यांनी पुन्हा उठवून बसव म्हटलं असतं. मी तशीच ताठ बसून राहिले.

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

आमच्यात माणसाला आडवं नेतात, त्यांच्या लिंगायतांत बसवून. बाईंना आंघोळ घालून भिंतीशी मांडी घालून बसवलं होतं. पाठ ढळू नये म्हणून मागून लुगड्यानं बांधली होती. विभूती, फुलांचे हार. सगळं गाव पाया पडायला आलेलं.

"बघा तरी, कशा ताठ बसल्यात! जित्या असल्यावानी," बायका म्हणत होत्या.

मी दाराशी उभी होते. आता तरी त्यांना जरा आडवं होऊ द्या, असं मला म्हणायचं होतं. पण त्यांच्यासमोर माझं तोंड बंद राहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.