काकांची जीभ

काकांचं काम चहा पिण्याचं नव्हतं, चाखण्याचं होतं. एकतीस वर्षं रोज सकाळी ओळीने ऐंशी कप. प्रत्येकातला एक चमचा सुर्रकन ओढायचा, जिभेवर फिरवायचा आणि तस्तात थुंकायचा. मी कपांत पाणी ओतायचे, मग वही घेऊन त्यांच्यामागे चालायचे. ते बोलतील ते लिहायचं: कडक, पोकळ, धुरकट. साखरेचा खडा दातांत धरून पिणाऱ्यांना कुठला चहा पाठवायचा, लोणी-मीठ घालून पिणाऱ्यांना कुठला, हे काका जागेवरून न हलता सांगत. स्वतः कधी गावाबाहेर पडले नाहीत, तो भाग वेगळा.

हिवाळ्यात ताप आला आणि त्यांची चव गेली, वासही गेला. निवृत्तीला आठ महिने उरले होते. हे माहीत काकूंना आणि मला. काकूंनी आलं, पुदिना, ज्येष्ठमध, बडीशेप, उकळता येईल ते सगळं उकळून पाजलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्याकडे एक पद्धत आहे. चाखणाऱ्याची जीभ ताळ्यावर आहे ना, हे बघायला मालक ओळीत एक चहा दोनदा ठेवायला लावतात; दोन्ही वेळा शब्द एकच यायला हवा. कुठले दोन कप, ते पाणी ओतणारीलाच ठाऊक. त्या दोन कपांपाशी मी खोकायला लागले. बाकीचं काका रंगावर आणि पानावर निभावून न्यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला तर आपण पुण्य करतोय असंच वाटायचं. रोज घरी जाताना मात्र दोघांचेही पाय जड झालेले असायचे.

पण बुरशी रंगात दिसत नाही. गेल्या आठवड्यात एक अख्खी खेप परत आली. वहीत तिच्यापुढे माझ्याच अक्षरात 'उत्तम'. काकांची जीभ चुकणं शक्यच नाही, म्हणजे माल नंतर गोदामात भिजला, असं मालकांनी ठरवलं. गोदामवाल्याला आजच काढायचं होतं.

मालक चाखायच्या खोलीत उभे होते, गोदामवाला दाराशी. चौदाव्या कपापाशी मी खोकले.

"पुरे गं," काका हळूच म्हणाले. "दमलो मी."

मला त्यांचा रागच आला. दोन महिने तर राहिले होते. कशाला हात दाखवून अवलक्षण?

"याला काढू नका," काका मालकांना म्हणाले. "तो चहा आला तेव्हाच खराब होता. मला कळलं नाही."

मालक हसले. "चेष्टा पुरे, काका. हा चौदावा कसा आहे ते सांगा."

काकांनी चमचा ओढला. नेहमीपेक्षा जास्त वेळ जिभेवर फिरवला. मी मनात म्हणत होते, रंग बघा, काहीतरी बोला, कुठलाही शब्द चालेल.

"गरम आहे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "लिही ना."