सासूबाईंनी पास केलेले शब्द

आमचे सासरे, म्हणजे बाबा, कवळ्या बनवतात. मेणाची कवळी आधी गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवून बघायची, टोचली तर पुन्हा घडवायची, ही त्यांची रीत. पण दात पोटासाठी. जिवासाठी वेगळाच उद्योग. ढगांवर राहणाऱ्या राक्षसांसाठी त्यांनी अख्खी भाषा रचली आहे. राक्षसांचा पत्ता नाही, शब्द मात्र तयार! लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, घर चांगलं आहे, फक्त माणूस जरा सुटलेला आहे.

भाषेलाही कवळीचाच नियम. नवा मूळ शब्द सुचला की बाबा स्वयंपाकघरात यायचे आणि सासूबाईंना तो म्हणायला लावायचे. त्या हसल्या की शब्द बाद. न हसता म्हणाल्या की पास, मग त्याची पिलावळ सुरू. 'थोल' म्हणजे ऊब. त्यातून 'थोलेन' म्हणजे चूल, 'थोलिम' म्हणजे रजई आणि 'थोलार' म्हणजे पाहुणा.

"पाहुण्याचा उबेशी काय संबंध?" मी विचारलं होतं.

"तो आला की चहा टाकावा लागतो ना," सासूबाई म्हणाल्या. त्यांनाही भाषा चांगलीच चढली होती.

त्या गेल्या आणि भाषा जागच्या जागी थांबली. बाबा कवळ्या करायचे, जेवायचे, भिंतीकडे बघत बसायचे. मला काळजी वाटायची आणि रागही यायचा. असं मुकं बसण्यापेक्षा ते राक्षस परवडले!

शेवटी एकदा भाजी चिरता चिरता मीच म्हटलं, "बाबा, नवीन काही असेल तर माझ्या तोंडात बसवून बघा. दात माझे स्वतःचे आहेत."

ते उठून ओट्यापाशी आले. मग म्हणाले, "एकच शब्द अडलाय. माणूस गेल्यावर घरात जे उरतं, त्याला. म्हण, 'घ्लुंब'."

मी चेहरा गंभीर केला, अगदी मनापासून. "घ्लुं—" आणि फस्सकन हसू फुटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"बाद!" बाबा ओरडले. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज चढला होता. "तीसुद्धा इथेच हसली असती!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"मग आता दुसरा शोधायचा?"

"नवा नकोच. थोलमधूनच काढतो. तो तिने पास केलाय." ओट्याजवळच्या सासूबाईंच्या स्टुलावर त्या गेल्यापासून कोणी बसलं नव्हतं. बाबांनी त्यावर हात ठेवला. "'थोलुन'. जिथे ऊब होती, ती जागा."

"थोलुन," मी म्हटलं. या वेळी हसू आलं नाही.