पोकोय म्हणजे खोली

जळगावच्या नवीपेठेतल्या माहेरच्या घरात बसून रूपल चेक भाषेतल्या जाहिरातींच्या ओळी इंग्रजीत करायची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, श्रेयांसबरोबर, ती चेक देशात बर्नोला गेली होती. भाषा तिथेच शिकली, मुलगीही तिथेच झाली. पुढे आईला, जतनबाईंना, लकवा मारला. थोड्या दिवसांसाठी म्हणून रूपल एकटीच जळगावला आली आणि अडकली. आईला टाकून जाववेना. मधेच श्रेयांसने घटस्फोट मागितला. शाळा तिकडची म्हणून जिनल वडिलांकडेच राहिली.

मराठी, मारवाडी जिनल विसरून गेली. मायलेकींमध्ये चेक तेवढी उरली आणि रूपलची तीही गंजत चालली होती. म्हणून तर तिने हे काम धरलं. शब्दांचा खेळ अडला की ती व्हिडिओ कॉलवर लेकीला विचारी. जिनल खो खो हसे, मग सांगे. त्या हसण्यासाठी रूपल कधीकधी कळलेलंही न कळल्यासारखं करी.

एकदा एका हॉटेलची ओळ आली. ‘पोकोय’ म्हणजे खोली, आणि ‘पोकोय’ म्हणजेच निवांतपणा. इंग्रजीत दोन्ही अर्थ एका शब्दात मावेनात. तिने फोन लावला.

"जिनू, हे कसं करू गं?"

पलीकडे मैत्रिणींचा गलका होता. "मशीनला विचार ना, मम्मी."

"मशीनला तुझ्यासारखं नाही सुचत."

"तुझं काम नसतंच गं. तुला नुसतं बोलायचं असतं." आणि जिनल ताडकन म्हणाली, "देय मि पोकोय!"

शब्दशः पाहिलं तर, मला खोली दे. पण असं म्हणतात तेव्हा अर्थ एकच असतो, माझा पिच्छा सोड.

फोन बंद झाला. पलंगावरून जतनबाईंनी जड जिभेने विचारलं, "काय म्हणाली छोरी?"

रूपलने फोन पालथा ठेवला. "खोली पाहिजे म्हणते, बाई. मोठी झालीय ना आता."

जतनबाईंचा अर्धा चेहरा उजळला. "मग वरची रंगवून घे. सुट्टीत येईल."

रूपलच्याने खरं सांगवलं नाही. दिवाळीआधी तिने छगन रंगाऱ्याला बोलावलं.

"ताई, पोरीला रंग कोणता आवडतो?" त्याने विचारलं.

रूपलने विचारायला फोन उचलला, परत खाली ठेवला. शेवटी म्हणाली, "पांढराच दे."

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जिनल आली नाही. जतनबाई गेल्या, तेव्हाही नाही.