जिभेखालचं बाळ

रविवारी सकाळी फिदेन्सिओ अरिस्मेंदीचा टेम्पो कधीच एका झटक्यात सुरू होत नाही. पोरं मागून ढकलतात, बायको ओब्दुलिया पातेलं सांभाळत शिव्या घालते, आणि उतार लागला की इंजिन खोकत खोकत जागं होतं. इस्तापालापाच्या या टेकडीवर पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही आम्ही बायका जाऊन नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसलो तर. उतार मात्र देवाने फुकट दिलाय.

फिदेन्सिओचं पंक्चरचं दुकान माझ्या दारासमोर. आठवडाभर त्याची नखं काळी. रविवारी ती ब्रशने घासून तो तिन्ही पोरांना घेऊन निघतो. कधी चापुल्तेपेकच्या तळ्यावर, कधी सोचिमिल्कोच्या कालव्यावर. खाणं घरचंच: निवडुंगाची भाजी, घेवडा, फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या भाकऱ्या. मंत्र्यासंत्र्यांची पोरं विमानाने फिरत असतील. आमच्या गल्लीत पोरांना जग दाखवणारा बाप हा एकच, आणि हे मी भर सभेत बोललेली आहे.

टेम्पोत पुढची सीट दालियाची. ही थोरली, दहा वर्षांची. बाप्तिस्म्याला हिला मी हातात धरलं, मी तिची धर्ममाता, म्हणून फिदेन्सिओ मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला कोम्पाद्रे. पण पुढची सीट मलाही नाही. फिदेन्सिओला अक्षरं लागतात, पण सावकाश. तोवर वळण निघून जातं. म्हणून दालिया पाट्या वाचते, "पप्पा, उजवीकडे," म्हणते, आणि हा राजासारखा उजवीकडे वळतो.

गेल्या वर्षी तिने विचारलं, "समुद्राचा पलीकडचा काठ दिसतो का?"

"तूच बघून सांग मला," फिदेन्सिओ म्हणाला. त्यानेही समुद्र पाहिलेला नव्हता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जोडून सुट्ट्या येतात, तेव्हा वेराक्रूझला जायचं ठरलं. त्याने टेम्पोला चांगले टायर चढवले. दालिया गल्लीभर सांगत सुटली.

मग सहा जानेवारी आली. तीन राजांचा दिवस, ते देवबाळाला बघायला आले तो सण.

फिदेन्सिओच्या सासूबाई, दोन्या एर्मिनिया, कड्यासारखा मोठा गोड पाव घरीच भाजतात आणि आत प्लॅस्टिकची दोन चिमुकली बाळं लपवतात. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्या गोतावळ्याला तमालेस, म्हणजे कणसाच्या सालात बांधून वाफवलेलं मक्याचं पीठ, खाऊ घालायचे. सगळा गोतावळा म्हणजे अंगण भरून सांडतं, आणि खिसा रिकामा होतो. सुरी ज्याने त्याने स्वतः चालवायची, आणि एकदा टेकवली की सरकवायची नाही. हा नियम सरकारी कायद्यापेक्षा कडक आहे.

पहिलं बाळ माझ्याच तुकड्यात. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

"घ्या कोमाद्रे!" फिदेन्सिओचा मेहुणा गोन्सालो ओरडला. "मोर्चात घोषणा देता ना, आता पीठ मळा!"

"मळीन की. आधी माझा जोडीदार कोण ते कळू दे."

फिदेन्सिओने आपला तुकडा कापला. सुरीला काही लागलं नाही. त्याने घास घेतला आणि त्याचा जबडा मध्येच थांबला. मला वाटलं, दाढ दुखली. शेजारी बसलेली दालिया मान वर करून त्याच्याकडे बघत होती. त्याने पुन्हा चावायला सुरुवात केली, पण एकाच बाजूने.

पाव संपला, ताटात फक्त चुरा उरला. दुसरं बाळ नाही.

"दोन घातली होती मी," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारी झालेय, वेडी नाही."

"गिळलं असेल कुणीतरी," गोन्सालो म्हणाला. "उद्या सकाळी कळेल!"

सगळे हसले, मी नाही. सगळं पीठ माझ्या गळ्यात घालायचा डाव मला कळतो. मी उभी राहिले. "पाण्याच्या टँकरमागे चोर पकडलेत मी. या टेबलावर पण एक बसलाय. कोम्पाद्रे, तुम्हाला काय वाटतं?"

"ह्म्म," फिदेन्सिओ म्हणाला.

एवढ्यात टेबलाखालून खोकला आला. गोन्सालोचं रांगतं पोरगं, इकेर, खाली सांडलेला चुरा वेचून खात होतं. त्याचं तोंड लाल झालं, डोळे पाणावले. त्याची आई रोसिओ किंचाळली, "गिळलं! माझ्या पोराने गिळलं ते!"

मग काय, कल्लोळ. गोन्सालोने पोराला पालथं धरलं, सासूबाई पाठीत थापट्या मारू लागल्या, मी त्याच्या तोंडात बोट घातलं. ते भोकाड पसरायला लागलं.

"दवाखान्यात चला! फिदेन्सिओ, गाडी काढ!" रोसिओने त्याचा शर्ट धरला. "बोल ना रे! मुका झालास का?"

फिदेन्सिओ किल्ली हातात घेऊन उभा. ओठ घट्ट मिटलेले. दोन पावलं दाराकडे गेला. दारात दालिया होती. ती बाजूला झाली नाही. नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

तो मागे फिरला. टेबलाशी आला, वाकला, आणि जिभेखालचं ते पांढरं बाळ चुऱ्यात ठेवलं. ओलं होतं. खाली घरंगळलं, तर त्यानेच उचलून पुन्हा ठेवलं.

इकेर तोवर मजेत पावावरचा पेरूचा गोड तुकडा चोखत होता. त्याच्या घशात चुरा अडकला होता, बाकी काही नाही.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. गोन्सालोला आधी हसू फुटलं, मग बाकीच्यांना. त्या हसण्यात फिदेन्सिओ उभा. कान लाल, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. ओब्दुलियाने फडक्यात तोंड लपवलं.

सासूबाई हसल्या नाहीत. "हेरोद राजाने मारू नये म्हणून देवबाळाला पावात लपवतो आपण," त्या म्हणाल्या. "जावयापासून लपवायचं मला सुचलं नाही."

"सासूबाई, समुद्र..." एवढंच तो बोलला.

"तोंड उघडून मागितलं असतंस तर तमालेस मी केले नसते?"

मी त्याला फाडून खायला तयारच होते. माझ्यासारख्या बाईला चोर सापडला की कोण आवरणार! पण दालिया दारात पाठ करून उभी होती. मी परत खुर्चीत बसले. मला त्याची लाज वाटली, आणि हसणाऱ्यांची जास्त.

पुढचे रविवार टेम्पो हललाच नाही. ट्यूब बुडवायला तो पाण्याच्या पिंपात हात घालायचा आणि मान वर न करता गिऱ्हाइकाशी बोलायचा. गल्लीत पोरं गाल फुगवून "ह्म्म, ह्म्म" करायची. दालिया त्या बाजूने शाळेत जाईनाशी झाली.

दोन फेब्रुवारीला त्याने सगळे तमालेस केले, माझ्या वाट्याचेसुद्धा. मी मदतीला गेले, तर म्हणाला, "कोमाद्रे, तुम्ही बसा. हात नका लावू." कणसाची सालं भिजवली, पीठ फेटलं, एकेक बांधून डेग लावली. दालियाने बांधायला सालाच्या पट्ट्या फाडून दिल्या, पण त्याच्या हातात नाही. टेबलावर ठेवून मागे सरायची. अंगणात सगळ्यांना त्याने स्वतः वाढलं. स्वतः खाल्लं नाही. गोन्सालोनेसुद्धा ते खाताना थट्टा केली नाही.

सुट्ट्या आल्या, गेल्या. वेराक्रूझला कोणी गेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी इंजिनाचा खोकला ऐकून मी बाहेर आले. सोचिमिल्कोला निघाले होते. ओब्दुलिया, दोन धाकटे, पातेली, घोंगड्या, सगळं मागे कोंबलेलं. दालियाही मागेच, टोपल्यांच्या मधे, गुडघे पोटाशी घेऊन. पुढची सीट रिकामी.

"पातेलं पुढे ठेवा की, कोम्पाद्रे," मी म्हटलं. "एवढी जागा आहे."

"असू दे," तो म्हणाला. त्याने ती सीट फडक्याने पुसली आणि दार नुसतं लोटून घेतलं.

धाकट्यांनी उतरून माझ्यासोबत ढकललं आणि उतार लागताच उड्या मारून परत चढले. टेम्पो उतारावरून गेला. खाली फाट्यावर पाटी आहे, तिथे तो थांबला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. तो अक्षरं लावत बसला होता, सावकाश, एकेक करून. मग वळला.